साहेबरावच्या केबलवरचा लाल शेरा

"मॅडम, सातव्या रकान्यात व्हेंडरचं नाव टाकल्याशिवाय फॉर्म पुढं जात नाही."

"अहो, व्हेंडर नाहीच आहे. फुकट मिळतं ते सॉफ्टवेअर."

"मग ज्याच्याकडून फुकट मिळतं त्याचं नाव टाका."

"कोणा एकाकडून मिळत नाही. जगभरातले लोक आपापल्या वेळात, आपापल्या घरी बसून ते बनवतात. कोणीही घ्यावं, कोणीही वापरावं, चूक दिसली तर दुरुस्त करावी."

"आणि बिघडलं तर जबाबदार कोण?"

"आत्ता बिघडलेलंच आहे. तेच दुरुस्त करायला तर परवानगी मागतेय."

"ते बरोबर आहे मॅडम. पण सातवा रकाना रिकामा ठेवता येत नाही."

मी फोन ठेवला. पलीकडून बोलणारा चिन्मय हा पुण्याच्या हेड ऑफिसातला आयटी अधिकारी. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला त्या गुरुवारी कळलं. वाळूजच्या कारखान्यात मी एका लॅपटॉपसमोर बसले होते. लॅपटॉपच्या झाकणावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवलेली, तिच्यावर पांढऱ्या मार्करनं लिहिलेलं, 'अपडेट करू नये. हुकमावरून.' आणि शनिवारी दुपारी माझ्या सहीच्या एका कागदामुळं एका माणसाची सहा वर्षांची मेहनत मातीत जाणार होती. तो कागद चुकीचा आहे, असा मला दाट संशय होता. संशय खरा की खोटा ते बघायला मला त्या लॅपटॉपवर एक अपडेट टाकायचं होतं. बस्स, एवढंच.

पहिल्यापासून सांगते.

मी नेटवर्कचं काम करते, बावीस वर्षं झाली. शहरात रझाकभाईंची छोटी फर्म आहे, आम्ही पाच माणसं. कारखान्यातली मशीनं हल्ली एकमेकांशी बोलतात. एक मशीन दुसऱ्याला सांगतं, माझं झालं, तू घे. हे बोलणं केबलमधून जातं. बोलणं तुटलं की आम्हाला फोन येतो.

ह्या कारखान्यात नवी असेंब्ली लाईन बसवली होती आणि ती अधूनमधून मरायची. कधी दिवसात दोनदा, कधी तीन दिवस काहीच नाही. मेली की दहा-पंधरा मिनिटं ठप्प, मग आपोआप उठायची. मेंटेनन्सचे प्रमुख काळे साहेब वैतागले होते. माणूस वाईट नाही. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली, आणि बाहेरच्या कोणत्याही लॅपटॉपला ते लाईनच्या नेटवर्कवर येऊ देत नाहीत. त्यामुळं मला कारखान्याचाच लॅपटॉप वापरायला दिला. पेन ड्राईव्हची जागा बंद, कोणतीही फाईल गेटबाहेर न्यायला मनाई. जे करायचं ते तिथंच बसून करायचं.

त्या लॅपटॉपवर हे फुकटवालं सॉफ्टवेअर होतं. त्याचं काम सोपं करून सांगायचं तर, पोस्टमनच्या वाटेवर बसून प्रत्येक पाकीट बघणं. मशीनचे निरोप छोट्या छोट्या पाकिटांतून जातात. कोणी पाठवलं, कोणाला, किती वाजता, आत काय, हे सगळं ते ओळीनं मांडतं. अडवत नाही, बदलत नाही, फक्त लिहून ठेवतं. पण मशीनच्या भाषा वेगवेगळ्या असतात, म्हणून त्याच्या पोटात प्रत्येक भाषेचा एक दुभाषी बसवलेला असतो. दुभाष्याला एखाद्या पाकिटाचा अर्थ लागला नाही की ती ओळ लाल होते. लाल म्हणजे, पाकीट मोडकं आहे.

पहिल्या दिवशी, आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी, मी ते लावून बसले तर लालच लाल. हजारो ओळी. वर-खाली सरकवून बोट दुखलं.

तेव्हा माझ्याजवळ साहेबराव उभा होता. कारखान्यातला कंत्राटी टेक्निशियन, देवगाव रंगारीचा. वडील मेंढरं राखायचे, हा आयटीआय करून वाळूजला आला. नव्या लाईनचं सगळं केबलिंग ह्यानं एकट्यानं केलेलं. सहा वर्षं कंत्राटावर काढून आता कायम होणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं, शनिवारच्या एचआरच्या बैठकीत त्यावर शिक्का बसणार होता.

"मॅडम, येक सांगू का?" तो म्हणाला.

"बोला."

"त्या जुन्या शेडातलं पार्ट धुवायचं मशीन लावलं का नाय, की हिकडं लाईन मरती. म्या तीनदा पाह्यलंय."

"साहेबराव, शेड वेगळं, वीज वेगळी. धुवायच्या मशीनचा इथं काय संबंध?"

"संबंध मला नाय म्हाईत. मरती येवढं म्हाईत."

मी हसले. ते हसणं आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात. हसून परत लाल ओळींकडं वळले, आणि सोमवारी रिपोर्ट दिला. त्यात लिहिलं, नव्या लाईनवर मोठ्या प्रमाणात मोडकी पाकिटं आढळली, केबलिंग सदोष आहे, नव्यानं करावं.

इथं मला माझीच लाज सांगितली पाहिजे. केबल खराब असली तर पाकीट वाटेतच गळून पडतं. ते मोडक्या अवस्थेत समोर पोचत नाही. हे आमच्या धंद्यातल्या पहिल्या वर्षाच्या माणसालाही ठाऊक असतं, मला तर बावीस वर्षं ठाऊक आहे. शिवाय स्विचवर, म्हणजे जिथं सगळ्या केबली एकत्र येतात त्या डब्यावर, केबलच्या चुकांचा आकडा बघता येतो. तो मी बघितलाच नाही. समोर इतकं लाल दिसत होतं, क्लायंट घाई करत होता, दुसऱ्या ठिकाणी जायचं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या कारखान्यात शिफ्ट सुरू होताना लाईनजवळ उभ्या उभ्या दहा मिनिटांची मीटिंग होते. मंगळवारी तिथं काळे साहेबांनी माझा रिपोर्ट सगळ्यांसमोर वाचला. साहेबरावला मेमो मिळाला. यादीतल्या त्याच्या नावापुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह पडलं. त्यानं मला फोन केला, भांडला वगैरे नाही.

"मॅडम, केबलीची सगळी टोकं म्या सोता दाबल्यात. येक येक टेस्टर लावून बघितलंय. तुमाला कुठलं टोक खराब दिसलं तेवढं दाखवा. म्या काढून पुन्यांदा करतो."

मला एकही टोक दाखवता आलं नाही. मी म्हटलं, बघून सांगते. फोन ठेवल्यावर मनाला खटकायला लागलं, पण तेवढंच.

बुधवारी आमच्या भागात पाण्याचा दिवस होता. इथल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पाणी येणार म्हटलं की कामं मागं पडतात. नळाचा नेम नाही, आठला म्हणाले तर अकराला येतं, माणूस घरात पाहिजे. मी रझाकभाईंना उशिरा येते म्हणून कळवलं आणि पाईप ड्रमात सोडून बसले. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर त्याच सॉफ्टवेअरचं नवं अपडेट आलेलं होतं. मेंटेनन्स अपडेट. म्हणजे नवीन काही नाही, नुसत्या जुन्या चुका दुरुस्त केलेल्या. त्याबरोबर दुरुस्त्यांची यादी येते. ती यादी कोणी वाचत नाही. मीही एरवी वाचत नाही, 'पुढे' दाबते आणि मोकळी होते. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं म्हणून वाचली.

यादीच्या मधोमध एक ओळ होती. ह्या लाईनवरची मशीनं ज्या भाषेत बोलतात त्या भाषेचं नाव होतं, आणि पुढं लिहिलं होतं की ह्या भाषेतले लांब निरोप चांगले असूनही मोडके दाखवले जात होते, ती चूक आमची होती, आता दुरुस्त केली आहे.

मी ती ओळ चार वेळा वाचली. तोवर पाणी आलं, ड्रम भरून वाहायला लागला, शेजारच्या काकू ओरडल्या तेव्हा भान आलं.

तर ही गुरुवारची पार्श्वभूमी. आता मला फक्त कारखान्याच्या लॅपटॉपवर ते अपडेट टाकायचं होतं आणि मागच्या शुक्रवारी जतन केलेली तीच नोंद पुन्हा उघडायची होती. लाल गेलं तर रिपोर्ट खोटा. लाल राहिलं तर मी मोकळी.

काळे साहेबांकडं गेले. त्यांनी टेपकडं बोट केलं.

"मॅडम, ती टेप मी चिकटवलीय. मागं एकदा एका लॅपटॉपनं भर शिफ्टमध्ये आपोआप अपडेट घेतलं. तासभर लाईन बंद. प्लांट हेडनं माझी सालटी काढली. तेव्हापासून आपल्याकडं अपडेट बंद."

"साहेब, हा लॅपटॉप लाईन चालवत नाही, नुसता बघतो. तो बंद पडला तरी लाईनला कळणारसुद्धा नाही."

"हेड ऑफिसची लेखी परवानगी आणा. मग काय करायचं ते करा."

म्हणून चिन्मय. म्हणून फॉर्म. म्हणून सातवा रकाना. रकान्याखाली आणखी दोन होते, बिलाचा नंबर आणि सर्व्हिस कराराचा नंबर. फुकटच्या वस्तूचं बिल कुठून आणू? मी 'लागू नाही' लिहिलं, तर फॉर्म लाल झाला. आठवडाभर मी लालच बघत होते.

रझाकभाईंना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट दे दिया, साइन हो गया. अब कायकू छेडते? क्लायंट बोलेगा, सोमवार को एक बोले, आज दूसरा बोलते."

"रझाकभाई, माणसाची कायम नोकरी जातेय."

"अपनी गलती पक्की है क्या?"

"पक्की नाही. तेच तर बघायचंय."

मग म्हणाले, "तो देख लो. मगर जो निकलेगा, लिख के देना. आधा-अधूरा नक्को."

मी पुन्हा फॉर्म उघडला. व्हेंडरच्या रकान्यात स्वतःचं नाव टाकलं. बिलाच्या नंबरात माझा मोबाईल नंबर, करारात जन्मतारीख. बिघडल्यास जबाबदार कोण, तिथं पुन्हा माझंच नाव. फॉर्म गपगुमान पुढं गेला. दहा मिनिटांत चिन्मयचा फोन.

"बघा मॅडम, झालं की नाही? सगळे रकाने भरले की काम होतं."

मी त्याला काहीही बोलले नाही. त्या दिवसातलं माझं एकमेव शहाणपण तेवढंच.

शुक्रवारी दुपारी सही होऊन परवानगी आली. टेप मी काढली नाही, बाजूनं काम केलं. अपडेट व्हायला चार मिनिटं लागली. दीड दिवसाची परवानगी आणि चार मिनिटांचं काम. जुनी नोंद उघडली. साहेबराव मागं येऊन उभा राहिला होता, त्याला कोणी सांगितलं कोण जाणे.

लाल गेलं होतं. एकही ओळ लाल नव्हती. हजारो पाकिटं, सगळी धडधाकट. मग उठून स्विचवर जाऊन चुकांचा आकडा बघितला, जो आठ दिवसांपूर्वी बघायला हवा होता. शून्य. साहेबरावच्या केबलीत खोट काढायला जागा नव्हती.

"म्हंजी माजी टोकं बरूबर?" त्यानं विचारलं.

"बरोबर. चूक माझी."

मी परत स्क्रीनकडं बघितलं तर लाल रंग गेल्यावर मधेच पाच-सहा पिवळ्या ओळी उघड्या पडल्या होत्या. मागच्या शुक्रवारीही त्या तिथंच असणार, लालच्या गर्दीत दिसल्या नाहीत. त्यांत लिहिलं होतं की एकच पत्ता दोन मशीनं वापरत आहेत. प्रत्येक मशीनला नेटवर्कवर एक नंबर असतो, घर नंबरासारखा. दोन घरांना एकच नंबर दिला तर पोस्टमन कधी ह्या घरी टाकतो, कधी त्या. इथं तो नंबर होता एकशे आठ. आणि एकशे आठ हा नव्या लाईनच्या मुख्य कंट्रोलरचा, म्हणजे सगळी लाईन चालवणाऱ्या पेटीचा, नंबर होता.

नंबर कोणाला कुठला दिला त्याची वही काळे साहेबांच्या कपाटात असते. मागितली. पहिल्या पानावर दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू. आत नंबर होते नऊ, अठरा, सत्तावीस, छत्तीस. मी पान उलटलं. शहाण्णव नाही, सत्त्याण्णव नाही, थेट नव्व्याण्णव.

"साहेब, हे सगळे नवाच्या पाढ्यातले कसे?"

"बेरीज नऊ आली पाहिजे," काळे साहेब म्हणाले. "माझ्या गाडीचा नंबर बघा, मोबाईल बघा. नऊ म्हणजे पूर्ण अंक. नव्व्याण्णवची बेरीज अठरा, अठराची पुन्हा नऊ. मशीनलासुद्धा शुभ नंबर लागतो. इतकी वर्षं मी असेच देतोय, काही झालंय का?"

"आणि एकशे आठ?"

"लाईनच्या मुख्य कंट्रोलरला एकशे आठ सोडून दुसरा कुठला देणार? जपमाळेचे मणी किती असतात?"

मी वहीतली ती ओळ दाखवली. एकशे आठच्या पुढं आधी निळ्या शाईत काहीतरी लिहिलं होतं, ते खोडून वर काळ्या शाईत 'नवी लाईन कंट्रोलर' असं घातलं होतं. खोडलेलं अजून वाचता येत होतं. पार्ट वॉशिंग मशीन, जुनं शेड.

"हे भंगारात जाणार होतं ना," साहेब म्हणाले. "म्हणून त्याचा नंबर काढून ह्याला दिला. चांगला नंबर वाया का घालवायचा?"

"मग गेलं का भंगारात?"

काळे साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पार्ट लई चांगले धुतं हो ते. गंजलेला माल आला की लागतं. म्हणून ठेवलं."

वहीत नंबर खोडला होता. मशीनमध्ये कोणी खोडला नव्हता. शेड वेगळं असलं तरी नेटवर्क एकच. गंजलेला माल आला की जुन्या शेडात धुवायचं मशीन सुरू व्हायचं, उठून सांगायचं की एकशे आठ मी आहे. लाईनचे निरोप तिकडं जायला लागायचे. लाईन उत्तराची वाट बघायची आणि उत्तर आलं नाही की सुरक्षेसाठी थांबायची. धुणं संपलं की सगळं पूर्ववत.

"साहेबराव," मी म्हटलं, "जा, धुवायचं मशीन लावा."

तो गेला. दोन मिनिटांत लाईन मेली. काळे साहेब स्वतः फोन करून म्हणाले, बंद कर बाबा. लाईन उठली. साहेबांनी खुर्चीत बसून दोन्ही हातांनी डोकं धरलं. मला त्या माणसाची दया आली आणि चीडही आली, दोन्ही एकाच वेळी.

मग तेच म्हणाले, "मॅडम, नव्या रिपोर्टात आपण असं लिहू. तांत्रिक कारणामुळं अडथळा येत होता, तो दूर केला. केबलचा विषय आता कशाला काढायचा?"

"केबलचा विषय मी सोमवारी काढलाय, साहेब. मीच मिटवणार. आणि नंबराचंही लिहिणार."

त्यांनी वही मिटून कपाटात ठेवली. मग म्हणाले, "लिहा. माझं नाव घालू नका, मेंटेनन्स विभाग लिहा." तेवढं मी ऐकलं.

त्या संध्याकाळी रिपोर्ट लिहिताना ती यादी उघडून समोर ठेवली. ज्यांना ह्या कामाचा कोणी पगार देत नाही, त्यांनी सरळ लिहिलं होतं की आमची चूक होती, ही होती, दुरुस्त केली. मला पगार मिळतो. मीही तसंच लिहिलं. सोमवारच्या रिपोर्टात केबलिंग सदोष म्हटलं होतं, ते चूक आहे. चूक माझी आहे. केबलिंग निर्दोष आहे. खाली सही.

शनिवारी सकाळी लवकर निघून, नगर नाक्याच्या ट्रॅफिकमधून वाट काढत, गेटवर पोचले. कागद साहेबरावच्या हातात दिला आणि म्हटलं, "एचआरला दुसरी प्रत दिलीय. मेमो मागं घेतील."

त्यानं उभ्यानं सगळा वाचला. मग म्हणाला, "मॅडम, पयला सगळ्यायसमोर वाचला व्हता. ह्यो बी वाचा."

मागणी रास्त होती. शिफ्टची मीटिंग सुरू व्हायचीच होती. काळे साहेब बाजूला सरकले आणि मी लाईनजवळ वीस-बावीस माणसांपुढं उभं राहून माझा रिपोर्ट वाचला. 'चूक माझी आहे' हे वाक्यही वाचलं. कोणी हसलं नाही. मागून एकजण तेवढं म्हणाला, "व्हय, आमी म्हणतच व्हतो, केबलीत काय नाय." वाचून झालं. मला वाटलं संपलं.

साहेबराव पुढं आला.

"यात येक ऱ्हायलंय."

"काय?"

"धुवायच्या मशीनमुळं लाईन मरती, हे तुमाला पयल्या दिवशी कोणी सांगितलं व्हतं, त्ये लिवलं नाय तुमी."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी पेन मागितलं. कागद कंट्रोलरच्या पेटीवर टेकवला आणि सहीच्या खाली हातानं लिहिलं: 'हे कारण साहेबरावनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.' आणि पुन्हा सही केली. एचआरच्या प्रतीवरही जाऊन तेच लिहिलं.

शनिवारच्या बैठकीत प्रश्नचिन्ह खोडलं गेलं, पण पत्र हातात पडायला आणखी दीड महिना गेला. कुठलातरी रकाना रिकामा राहिला होता म्हणे. धुवायच्या मशीनला साहेबरावनं एकशे नऊ नंबर दिला. बेरीज दहा. लाईन तेव्हापासून मेली नाही, आणि काळे साहेब त्याचं श्रेय अजूनही एकशे आठलाच देतात.

मी आता दुरुस्त्यांची यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते, नळाला पाणी असो नसो. पण त्याच्याही आधी, लॅपटॉप उघडण्यापूर्वी, मशीनजवळ रोज उभं राहणाऱ्याला विचारते, तुम्हाला काय वाटतं. आणि तो सांगत असताना हसत नाही.